हट्टी जनित्र



ता. ३ जून २०२० रोजीं अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ आदळलें, तेव्हां विजेचे हजारों खांब आडवे झाले आणि कित्येक गांवांत दिवे पुन्हां लागावयास आठवडे लोटले. अशा प्रसंगाची तरतूद म्हणून पेट्रोलवर चालणारें एखादें लहानसें जनित्र, म्हणजे आपला नेहमींचा जनरेटर, पडवींत किंवा कोठीच्या खोलींत बाळगणारीं घरें आज पुष्कळ आहेत. अडचण एवढीच कीं, वर्षभर कोपऱ्यांत बसून राहिलेलें हें यंत्र नेमकें त्याच रात्रीं मौन धरतें. घरांत प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असलेलें वडील माणूस असावें आणि दोरी ओढतां ओढतां धडधाकट मुलाचा खांदा भरून यावा, हा प्रसंग हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

हें यंत्र हट्टी दिसलें तरी लहरी मात्र नाहीं. त्यास तीन गोष्टी लागतात: हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, ठिणगी आणि दट्ट्याचा दाब. पैकीं दाब सहसा बिघडत नाहीं. दोरी सावकाश ओढली असतां मध्येंच जड लागली कीं दाब आहे असें समजावें, आणि दोष उरलेल्या दोहोंत शोधावा.

परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं टाकींत पेट्रोल आहे ना, त्याचा कॉक उघडा आहे ना, बटण चालूवर आहे ना, चोक लावला आहे ना आणि दिवे-पंखे यंत्रापासून सोडविले आहेत ना, एवढें पाहून घ्यावें. ‘हें मला काय सांगतां!’ असें आपण म्हणाल. पण अंधारांत, घाईंत, भर पावसांत शहाणींसुरतीं माणसें बंद कॉकवर अर्धा तास दोरी ओढीत बसतात. दुसरें, तेल. इंजिनांतील तेल कमी झालें कीं ठिणगी आपोआप बंद व्हावी, अशी योजना पुष्कळ यंत्रांत असते. यंत्र उतरत्या अंगणांत कलतें ठेवलें तर पुरेसें तेल असूनही ही योजना फसते आणि यंत्र चालूं होत नाहीं. तेव्हां तें सपाट जागीं ठेवून मगच तेल तपासावें.

एवढें करूनही आठ-दहा हिसक्यांत यंत्र बोललें नाहीं, तर ओढणें थांबवून प्लग काढावा. वैद्यास जशी नाडी, तसा येथें प्लग. तो पेट्रोलनें ओला असेल तर पेट्रोल पोंचतें आहे, इतकेंच नव्हे, तर चोक लावून वारंवार ओढल्यानें तें बहुधा तुंबलें आहे. प्लग पुसून कोरडा करावा, काजळी काढावी, टोकांमधील फट सुमारें ०.७ मिलिमीटर ठेवावी, तो परत बसवावा आणि चोक पूर्ण काढून ओढावें. जुन्या प्लगशीं झुंजत बसण्यापेक्षां एक नवा प्लग घरीं असलेला बरा. ठिणगी डोळ्यांनीं पाहण्याची हौस कित्येकांस असते. पेट्रोलनें भिजलेल्या यंत्राशेजारीं ती पुरवूं नये.

प्लग कोरडा निघाला तर मात्र पेट्रोलची वाट कोठें अडली तें शोधलें पाहिजे. कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीस एक स्क्रू असतो. खालीं भांडें धरून तो सैल करावा. चांगली धार लागली तर वाटीपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. थेंब येऊन थांबले तर टाकीचें झांकण सैल करून पाहावें. धार लागतांच समजावें कीं झांकणाचें वायुछिद्र बुजलें आहे. नाहीं तर कॉकमधील जाळी धुवावी.

वाटींतून निघालेलें पेट्रोल काळपट आणि वार्निशासारख्या आंबूस वासाचें असेल तर तें शिळें झालें आहे. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें. २०२५ सालीं आपल्या देशानें २० टक्के मिश्रणाची मजल गाठली. हें इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल अति झाली म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं वेगळें बसतें, आणि यंत्राच्या मुखीं प्रथम तेंच जातें. शिवाय शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो तो वेगळाच. ज्या भगिनींनीं रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांना निपल तुंबणें म्हणजे काय हें सांगावयास नको. फरक एवढाच कीं, स्टोव्हची पिन त्या छिद्राच्या मापाची असे. येथें हातीं लागेल ती तार खुपसली तर छिद्र मोठें होऊन यंत्र कायमचें बिघडतें. कार्ब्युरेटर साफ करण्याचें द्रव्य व फुंकर यांवर काम भागवावें, न भागल्यास मिस्त्रीकडे द्यावें.

यंत्र सुरू झालें, कीं खरी काळजी पुढें आहे. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. झोंपलेलें माणूस उठत नाहीं. पाऊस आहे म्हणून यंत्र पडवींत किंवा सज्जांत ओढण्याचा मोह होतो. पण पडवी ही तें ठेवण्याची जागा, चालविण्याची नव्हे, आणि खिडक्या उघडल्यानें भागत नाहीं. दारें-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर, चारी बाजूंनीं मोकळ्या छपराखालीं तें चालवावें. पेट्रोल भरावयाचें तर यंत्र थांबवून, निवूं देऊन.

दुसरी एक युक्ति ऐकूं येते: दोन्ही टोकांस पिना लावलेली वायर करून जनित्राची वीज भिंतींतील प्लगमध्यें सोडावयाची, म्हणजे सारें घर उजळतें. ही युक्ति प्राणघातक आहे. घरची २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाऊन तारांवर ११,००० व्होल्टची होऊं शकते, आणि त्या तारा मेल्या आहेत अशा समजुतीनें आपल्यासाठींच एखादा वायरमन खांबावर चढलेला असतो. घरास जोडावयाचें तर परवानाधारक मनुष्याकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. नाहीं तर उपकरणें यंत्रासच थेट जोडावींत.

वीज परत आली म्हणजे पेट्रोलचा कॉक बंद करून यंत्र तसेंच चालूं द्यावें. वाटी कोरडी झाली कीं तें आपण होऊन थांबेल. टाकींतील पेट्रोल काढून स्कूटरमध्यें खपवावें. मग महिन्यांतून एकदां थोडें ताजें पेट्रोल घालून, दोन-तीन दिवे जोडून, पंधरा मिनिटें तें चालवून पाहावें; मे महिन्यांत तर अवश्य. शेजाऱ्यांस तेवढा आवाज सोसावा लागेल खरा. परंतु वादळाच्या रात्रीं मोबाइल चार्ज करावयास सर्वांत आधीं तेच येतील.