परक्या नदीतली बोट

आपल्या बोरगावच्या कारखान्यांत पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला सांगून जातो, 'मशीनचा आवाज आज बरा नाही, लक्ष ठेव.' मशीनला असा जीव लावणाऱ्यांनी 'द सँड पेबल्स' हा चित्रपट जरूर पाहावा. रॉबर्ट वाइज यांनी तो १९६६ साली दिग्दर्शित केला.

काळ १९२६चा. चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात अमेरिकेची एक गनबोट पहारा देते आहे. देश जागा होतो आहे. परक्यांच्या बोटी लोकांना नकोशा झाल्या आहेत. बोटीवर जेक होल्मन नावाचा खलाशी येतो. स्टीव्ह मॅक्वीनने ही भूमिका केली आहे. होल्मन आधी खाली उतरतो आणि इंजिनाला आपले नाव सांगतो! तिथले चिनी मजूर दाखवले तसे वाल्व फिरवतात. आत वाफ काय करते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. होल्मन त्यांच्यातल्या पो-हानला ते शिकवतो. माकोने साकारलेल्या पो-हानला इंजिन उमगते, त्या क्षणी त्याचा चेहरा उजळतो. हे सारे इतके खरे वाटते, कारण मूळ कादंबरी लिहिणारे रिचर्ड मॅकेना स्वतः यांगत्सेवरच्या गनबोटीच्या इंजिनघरात राबले होते.

होल्मनला इंजिनाचा प्रत्येक नटबोल्ट ठाऊक आहे. पण आपली बोट या नदीत कशासाठी आली, हे त्याने कधी विचारले नाही. त्याला ते विचारावेसे वाटते, तोवर पो-हान जिवानिशी गेलेला असतो. पुढे होल्मनचाही जीव जातो.

कशासाठी, हा प्रश्न आपल्या खलाशांनी वेळेवर विचारला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रात त्यांनी संप पुकारला. सुरुवात निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीवरून झाली. पण त्यांच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. दुसऱ्याचे स्वातंत्र्य दडपायला आमची माणसे वापरू नका, असा तिचा अर्थ. पाच दिवसांत संप मिटला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

आपली मुले यंत्रांवर काम शिकत आहेत. त्यांना यंत्र जरूर शिकवा. ते कोणासाठी आणि कशासाठी चालते, हे विचारायलाही शिकवा.