कविता आली, शाळा राहिली



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या भाषा आणि कला शिक्षकांनी मला या खुर्चीत बसवलं, त्याबद्दल आभार मानतो आणि सरळ विषयाला हात घालतो. आफ्रिकी वंशाच्या मुलांचं वस्तीतलं कलाशिक्षण, असा विषय मी कळवला तेव्हा स्वागत समितीतल्या एका मित्राने विचारलं, ‘सर, आपल्याकडं त्यांचं काय?’ प्रश्न रास्त होता. माझं सगळं भाषण म्हणजे त्याचं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

त्यांचं आपल्याकडं बरंच काही आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी संघटना काढली तिचं नाव थेट ब्लॅक पँथरवरून घेतलं. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तिकडच्या कवींची ओळख औरंगाबादेत करून दिली. आणि आपल्या लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे! ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. अर्जुन डांगळे यांनी १९९२ मध्ये इंग्रजीत दलित साहित्याचं मोठं संकलन केलं, त्यात कृष्णवर्णीय साहित्य आणि दलित साहित्य यांची सांगड घालणारा लेख वाघमारे यांचाच आहे. हे तुम्हाला पाठ आहे. नेट-सेटच्या गाइडांतही आहे. त्यावर पीएचड्या झाल्या, होत आहेत, आणि काही तर एकमेकींना बघून झाल्या आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण त्यांची कविता आणली. ती कविता ज्या खोलीत शिकली गेली, ती खोली आणली नाही.

त्या खोलीबद्दल जरा सविस्तर सांगतो. शिकागो शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची दाट वस्ती. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार कलावंतांना पगार देऊन गावोगाव कलाकेंद्रं काढायचं ठरवलं. अट अशी, की शिक्षकांचा पगार सरकार देईल, जागा तुम्ही बघा. तिथल्या लोकांनी नाचाचे जलसे केले, तिकिटं विकली आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर डबे घेऊन दहा-दहा सेंटांची नाणी गोळा केली. डबे घेऊन उभ्या राहिलेल्यांत मार्गारेट बरोज नावाची तरुण मुलगी होती. त्या पैशातून एक जुना वाडा विकत घेतला. १९४० च्या अखेरीस साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं आणि पुढच्या वर्षी एलिनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या. तिथे मुलं चित्रं काढायला, माती मळायला येऊ लागली. गॉर्डन पार्क्स यांना फोटो धुवायला अंधारखोली तिथेच मिळाली. १९४१ मध्ये एका श्रीमंत गोऱ्या बाईने तिथे कवितेची कार्यशाळा घेतली. त्या वर्गात ग्वेंडोलिन ब्रूक्स नावाची बाई बसत असे. १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका. नाव झाल्यावर ब्रूक्स काय करत होत्या? १९६७ मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या पोरांना कविता लिहायला शिकवत होत्या. कुणीतरी आपल्याला खोली दिली होती, ती आता आपण पुढच्यांना द्यायची, एवढा साधा हिशेब.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये याहून मोठं केंद्र होतं. १९३७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज त्याच्या प्रमुख होत्या. त्याच हार्लेममध्ये जेकब लॉरेन्स नावाचा पोरगा शाळा सुटल्यावर चालणाऱ्या वर्गात रंग हातात घ्यायला शिकला आणि पुढे आपल्या लोकांच्या स्थलांतराची चित्रमालिका काढून गेला. पण युद्ध आलं, सरकारी पैसा आटला आणि १९४२ मध्ये हार्लेमचं केंद्र बंद पडलं. पुढे १९६५ मध्ये कवी अमिरी बराका यांनी तिथेच नाटकाची शाळा काढली. दारिद्र्य निर्मूलनाच्या सरकारी योजनेतून पैसे आले, रस्त्यावर नाटकं झाली, गाजावाजा झाला. साधारण वर्षभरात तीही मिटली. शिकागोचं केंद्र मात्र आजही त्याच वाड्यात चालू आहे. बराकांना आपण भाषांतरित केलं. बरोजबाईंचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? अनुदानावर जगणारी माणसं आपणही आहोत, म्हणून हा फरक मला पुनःपुन्हा आठवतो. क्रांतिकारक कोण जास्त होतं यावर काही ठरलं नाही. सातबारा कुणाच्या नावावर होता, यावर ठरलं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे नव्हतंच. होतं की! भीमराव कर्डकांचा जलसा काय होता? दिवसभर राबलेली पोरं रात्री कंदिलाखाली गाणं बसवायची, वग रचायची, आणि ते बघायला अख्खी वस्ती यायची. फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. नामांतराच्या लढ्यात, १९७८ पासून १९९४ पर्यंत, आपल्या नांदेड जिल्ह्याने माणसं गमावली. त्या वर्षांत वस्तीवरची मुलं इतिहास शिकली ती गाण्यांतून. पाठ्यपुस्तकात तो धडा नव्हता.

मग ते गेलं कुठे? थोडं टीव्हीने नेलं, थोडं डीजेने. पण आपण शिक्षकांनीही त्याला हातभार लावला. दहावीला शासकीय रेखाकला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात, लोककलेचे मिळतात. हेतू चांगला होता. आता पालक विचारतात, ‘इंटरमिजिएट झाली, आता चित्रकलेचा तास कशाला?’ लोककलेचं प्रमाणपत्र ज्या पोराच्या फायलीत आहे, त्याच्या हातात संबळ दिला तर तो कुठून धरायचा हेही त्याला सांगावं लागतं. आणि लातूरबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल अध्यक्ष घाबरला. हार्लेमचं साहित्य मराठीत आणणारे वाघमारे सर राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि त्याच महाविद्यालयातून लातूर पॅटर्न निघाला. खेड्यातल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर करणारा तो पॅटर्न मी कमी लेखणार नाही. त्याने घरंच्या घरं वर काढली. पण एकाच माणसाने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. एकीचे क्लासेस झाले, गल्ल्या झाल्या, वसतिगृहं झाली. दुसरीचा फक्त संदर्भग्रंथ झाला.

स्वागत समितीतल्या मित्राच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे आणि ते दगडात आहे. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने उदगीरला वेढा घातला तेव्हा किल्ला लढवत होता सिद्दी मिफ्ताह. औशाचा किल्ला काही काळ मलिक अंबरच्या ताब्यात होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तिला नहरीचं पाणी दिलं. १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. २०२२ मध्ये उदगीरला मराठी साहित्य संमेलन भरलं, विद्रोही संमेलनही भरलं. हजारो माणसं किल्ला बघून आली. त्यातल्या किती जणांना कळलं, की हा आफ्रिकी वंशाच्या किल्लेदाराचा किल्ला आहे? १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या नावाची ए. सी. गार्ड्स ही वस्ती हैदराबादेत अजून आहे, आणि तिथल्या सिद्दींचा मर्फा लग्नाच्या वरातीत अजून वाजतो.

उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळकडच्या जंगलपट्टीत सिद्दींची गावं आहेत. त्यांची घरची बोली कोकणीच्या अंगाची, म्हणजे आपल्याला दुभाष्या फारसा लागणार नाही. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेने मंचिकेरीच्या सिद्दींना घेऊन चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चं कन्नड नाटक उभं केलं. आफ्रिकी कादंबरी, कन्नड भाषा आणि सिद्दी नट! आपल्या कुठल्या विभागाला हे सुचलं होतं? तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आत शिवत येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. आपल्या आया-मावश्यांची वाकळ काही फार वेगळी नाही. मंचिकेरीची एक आजी आणि अहमदपूरची एक आजी शेजारी बसवून मुलांना नुसतं बघू द्या. त्या दिवशी तुम्ही-आम्ही भाषण केलं नाही तरी चालेल.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आणखी एक परिसंवाद नको. आपल्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. त्यातून शिकून निघालेली मुलं काम शोधत फिरतात. उदगीरला एक खोली घ्यायची. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती वस्तीतल्या मुलांसाठी उघडी राहील. गाणं, नाटक, शिवण, चित्र, जे येईल ते. परीक्षा नाही, बक्षीस नाही, वाढीव गुण तर नाहीतच. दिवाळीच्या सुट्टीत मंचिकेरीचे नट किंवा हैदराबादचे मर्फावाले पंधरा दिवस बोलवायचे, आणि आपली मुलं उन्हाळ्यात तिकडे पाठवायची. शिकवणाऱ्याला मानधन रोख आणि वेळेवर द्यायचं; कलावंताला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावायची आपली सवय इथे चालणार नाही. खोली भाड्याची असेल, पण पहिल्या दिवसापासून जागेचा निधी वेगळा ठेवायचा, आणि तो कुठल्याही योजनेत मिसळायचा नाही. माझं आजचं मानधन त्यात जमा करून पावती घेतली आहे. ठरावाचा मसुदा चिटणीसांकडे आहे. खोलीचं पहिल्या वर्षाचं भाडं कुणी द्यायचं, ही जागा त्यात कोरी आहे. जेवणाला उठण्याआधी तेवढी भरून घ्यावी.