नशेतल्या पोरामागं पळू नका
(मुरुड येथील गायरान हक्क बैठकीतलं भाषण)



गायरानाच्या बैठकीत सोलुशनचं काय काढलं, असं काहींना वाटंल. पण 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून जमीन कसतो ह्याचा पुरावा घेऊन आपण तहसीलला दिवसभर उभे राहतो, तेव्हा लेकरं इस्टँडवर असतात. तिथं पंक्चरचं सोलुशन, रंगाचं थिनर फडक्यावर ओतून हुंगतात. दारूपेक्षा स्वस्त, आणि भूक मरते. बऱ्याच पोरांच्या नाकाला फडकं भुकेपायीच लागलेलं असतं.

ह्यात बहुतेक वेळा टोल्युइन असतं. त्याची वाफ फुप्फुसातून रक्तात आणि लगेच मेंदूत जाते. चक्कर, बरळणं, ओकारी हे आपल्याला दिसतं. काळजाचं दिसत नाही. ह्या वाफेनं काळीज असं नाजूक होतं की पोरगं दचकलं, जोरात पळालं, तर ठोके बिघडून जागेवर मरू शकतं. पहिल्यांदा हुंगणारंसुद्धा. आता पारध्याचं पोरगं खाकी दिसली की पळणारच! जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952 ला गेला, पळणं काही सुटलं नाही.

म्हणून सांगतो, मागं पळू नका, मारू नका, ओरडू नका. गोडीनं फडकं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. बिडी-काडी लांब ठेवा, ही वाफ भडका घेते. शुद्ध गेली तर कुशीवर निजवा आन् लगेच जीप करा.

रोज हुंगणाऱ्याचं अजून वेगळं. मूत्रपिंड बिघडतं, रक्तातलं पोटॅशियम लघवीवाटे जातं, आणि एका सकाळी पोराला उठताच येत नाही, हातपाय लुळे. आपल्याकडं लगेच भानामती म्हणतात, देवऋषी गाठतात. तेवढ्या वेळात जीव जाऊ शकतो. लातूरला नाहीतर अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात न्या. काय हुंगलं ते डॉक्टरपासून लपवू नका, पोटॅशियम तपासा म्हणा. वेळेत भरून काढलं तर पायात बळ येतं. वर्षानुवर्षं हुंगून मेंदू झिजला, चालताना झोक जायला लागला, ऐकू कमी आलं, तर ते बहुतेक परत येत नाही. पोटुशी बाई हुंगत असंल तर पोटातल्या बाळालाही बाधतं.

पोलीस ठाण्याला द्यायच्या निवेदनात जमिनीच्या मागण्यांखाली हेही घालू, की इस्टँडवरच्या पोरांना काठी घेऊन पळवू नका. आणि पुढच्या तारखेला लेकरं तिथं सोडू नका. तहसीलच्या ओट्यावर आपल्यासंगं बसवा, भाकरी जास्तीची बांधा.