पडद्याआडचा विद्यार्थी

(रात्रीच्या ऑनलाइन वर्गांत शिकवू इच्छिणारे तरुण-तरुणी व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे वकील म्हणून नव्हे, तर पहिल्याच दिवशी नापास झालेला एक शिक्षक म्हणून उभा आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता एखादा तरी पदवीधर मुलगा किंवा मुलगी आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना आणि संसारात पडलेल्या प्रौढांना आपण सायंकाळी मोबाइलवरून शिकवावे, असे या पदवीधरांनी मनावर घेतले आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु इच्छा म्हणजे तयारी नव्हे. कागदपत्रे न वाचता जो वकील न्यायालयात उभा राहतो, तो स्वतः हरत नाही. त्याचा पक्षकार हरतो. तयारीवाचून जो शिकवायला बसतो, त्याचेही तसेच आहे. आणि ज्याची शाळा एकदा सुटली आहे, त्याला ती दुसऱ्यांदा सुटणे परवडत नाही.

प्रथम हा विद्यार्थी कोण, ते पाहू. ६ ते १४ वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. चौदावे वर्ष उलटले की सामान्यतः त्या कायद्याचा हात सुटतो. त्यानंतर ज्याला शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीच्या परीक्षेस बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही दहावीसाठी किमान वय १४ आहे, कमाल वयाची मर्यादा नाही. म्हणजे परीक्षेचे दार उघडे आहे. पण दारापर्यंत सोबत करणारे कोणी नाही. आणि म्हणूनच तुमच्या वर्गात पंधरा वर्षांचा मुलगा आणि चाळीस वर्षांची आई एकाच वेळी बसणार आहेत.

हे कार्य नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकरी प्रौढांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरू लागले. या दोन्ही उदाहरणांत एकच तत्त्व आहे. विद्यार्थ्याने शाळेच्या वेळेला जुळवून घ्यावे असे न म्हणता, शाळेनेच विद्यार्थ्याच्या वेळेला जुळवून घेतले. मोबाइलवरील वर्गाची खरी कसोटी हीच आहे. यंत्र नवे असून उपयोग नाही. त्या यंत्राने शाळा विद्यार्थ्याकडे गेली की नाही, हे पाहिले पाहिजे.

माझी शाळा गेली नाही. रात्री आठची वेळ मी माझ्या सोयीने ठरविली, कारण तोवर माझे पक्षकार निघून जातात. पहिल्या दिवशी बावीस जण आले. त्यांत आपल्या वस्तीतले होते, तसेच इतर समाजांतलेही होते. सर्वांनी कॅमेरे सुरू ठेवावेत, असा मी हुकूम सोडला, आणि न्यायमूर्तींपुढे बोलावे तसा पन्नास मिनिटे अखंड बोललो. शेवटी विचारले, "समजले ना?" कोणीच बोलले नाही. मौन म्हणजे संमती, असे मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी नऊ जण उरले.

मग मी प्रत्येकाला फोन केला. एक ताई म्हणाल्या, "साहेब, फोन मुलाचा आहे. तो नऊला कामावरून येतो." एक मुलगा म्हणाला, "सर, तुमचं तोंड बघण्यातच आमचा दिवसाचा डेटा संपला." एक मुलगी बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "आमची एकच खोली आहे. मागे सगळं दिसतं. मैत्रिणींनी चित्र काढून एकमेकींना पाठवलं." आणि दुकानात काम करणारा एक तरुण म्हणाला, "कामावर मी आडनाव सांगत नाही. तुमच्या वर्गात ते सगळ्यांना दिसलं."

बंधू-भगिनींनो, मी ज्या शाळेत शिकलो, तेथे शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवीत. नाव उच्चारले की सारा वर्ग मागे वळून पाही. त्या माना वळण्याचा अर्थ मला दहाव्या वर्षी कळला होता. आणि आता चाळिशी ओलांडल्यावर, कायद्याची पदवी भिंतीवर टांगून, तीच यादी मी पडद्यावर वाचून दाखविली होती! माझा हेतू वाईट नव्हता, हे खरे. परंतु त्या यादी वाचणाऱ्या गुरुजींचा तरी हेतू वाईट होता, असे मी कोणत्या पुराव्यावर म्हणू?

म्हणून या विषयात मला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच की, शिक्षणाची फी म्हणून आपण कोणाचाही सन्मान घेता कामा नये. बाकीची सारी तयारी या एका वाक्यातून निघते.

तेव्हा वर्ग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोला. फोन कोणाचा आहे, तो कधी मोकळा असतो, बसण्यास जागा आहे काय, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि वर्गात तुम्हांला कोणत्या नावाने हाक मारावी, एवढे विचारा. शाळा का सुटली, हे मात्र पहिल्या दिवशी विचारू नका; ते ती व्यक्ती आपण होऊन सांगेल. पडद्यावर प्रत्येकाने आपल्या आवडीचे नाव लावावे. आडनावाची सक्ती नको. ज्याला कॅमेरा लावावयाचा असेल त्याने लावावा. न लावणाऱ्यास कारण विचारू नये. कॅमेरा म्हणजे दुसऱ्याच्या घराचा दरवाजा आहे. तो बाहेरून ढकलण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला?

दुसरी गोष्ट धड्याच्या बांधणीची. मी आता सलग दहा मिनिटांपेक्षा अधिक बोलत नाही. दहा मिनिटे सांगणे, पाच मिनिटे विद्यार्थ्यांनी वहीत सोडविणे, मग विचारपूस, असा क्रम ठेवतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजतो. कारण पलीकडच्या माणसाला बटण शोधावे लागते, घरातल्यांना गप्प करावे लागते आणि मग धीर गोळा करावा लागतो. "समजले ना?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. "हे उदाहरण सोडवून वहीच्या पानाचे छायाचित्र मला पाठवा," असे म्हणतो. त्यातून काय समजले ते दिसते आणि चूक चारचौघांत उघडी पडत नाही.

धड्याचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवावेत आणि नंतर त्याची लहानशी ध्वनिफीत पाठवावी. दृश्यफितीपेक्षा ध्वनिफितीला डेटा फार कमी लागतो, आणि भाकरी थापता थापताही ती ऐकता येते. फळा नसेल तर मोबाइलखाली वही धरून जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहावे. एकदा आपलाच धडा आपल्या आईच्या हाती साधा फोन देऊन तिला शेजारच्या खोलीत बसवून दाखवावा. अक्षरे तिला वाचता आली नाहीत, तर ती कोणालाच वाचता येणार नाहीत.

तिसरी गोष्ट अशी की, किशोर आणि प्रौढ यांना एकाच मापाने मोजू नये. किशोराला भीती असते ती सोबत्यांच्या हसण्याची. प्रौढाला भीती असते ती आपल्याच मुलांपुढे अडाणी ठरण्याची. किशोराला छोटी कामे, लवकर मिळणारी शाबासकी आणि सोबत हवी असते. प्रौढाला आपल्या आयुष्यातील व्यवहाराशी जुळणारे उदाहरण हवे असते. एकाची दुसऱ्याशी तुलना करून चिमटा काढला, की दोघेही जातात.

एक प्रसंग सांगतो. मी सरळव्याज शिकवीत होतो. पुस्तकातील 'द.सा.द.शे. २४' हे शब्द मुलांच्या डोक्यात शिरेनात. मी त्या ताईंना विचारले, "तुमच्या बचत गटात व्याज कसे धरता?" त्या म्हणाल्या, "शेकड्याला महिन्याला दोन रुपये." मग दहा हजारांवर महिन्याला किती? "दोनशे." वर्षाला? "चोवीसशे." हिशेब त्यांनी तोंडी, क्षणात केला. मी म्हणालो, "ताई, पुस्तकात लिहिले आहे ते हेच. दर साल, दर शेकडा, चोवीस." थोडा वेळ शांतता झाली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे हे मला येत होतं?" त्या दिवशी पुढची चार उदाहरणे मुलांना त्यांनी समजावून सांगितली. वर्ग अर्थातच नऊ वाजून पंधरा मिनिटांनी सुरू झाला होता.

आता कायद्याविषयी थोडे. वर्गातील १८ वर्षांखालील प्रत्येक विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या छोट्या वर्गाला त्यातील कोणती तरतूद केव्हा लागते, याचा कीस वकील पाडतील. आपण मात्र पालकांची संमती लेखी घ्यावी, नको ती माहिती गोळा करू नये आणि विचारल्यावाचून वर्गाचे मुद्रण करू नये. प्रौढांनाही हे विचारावे. बालकाशी एकांतात, रात्री-अपरात्री संदेशांची देवाणघेवाण करू नये. जे सांगावयाचे ते गटात किंवा पालकांसमक्ष सांगावे. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा कायदा मोबाइलवरून होणाऱ्या छळालाही लागू आहे. हा नियम मुलांचे रक्षण करतो आणि प्रामाणिक शिक्षकाचेही.

शेवटी शब्द आहे तो तुम्हां कुटुंबीयांसाठी. शिकविणारा कितीही तयार झाला तरी घर तयार नसेल, तर वर्ग भरत नाही. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयापुढे एका विद्यार्थिनीचा अर्ज आला होता. तिच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मुलींना मोबाइल वापरण्यास बंदी होती. ती बंदी न पाळल्याबद्दल तिला वसतिगृहातून काढण्यात आले. इंटरनेट वापरण्याची संधी ही शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि तिला परत घेण्यास सांगितले. ती मुलगी न्यायालयात गेली. आपल्या घरातील मुलगी कोठे जाईल? "मुलीच्या हाती फोन नको" असे म्हणणाऱ्या प्रत्येक बापाने आणि भावाने हा निकाल लक्षात ठेवावा.

माझी मागणी मोठी नाही. रोज एक तास फोन आईचा किंवा बहिणीचा असावा. घराचा एक कोपरा तेवढा वेळ तिचा असावा. ती अक्षर चुकली तर हसू नये. मागून जाताना पडद्यात डोकावू नये. त्या तासात चहा दुसऱ्या कोणी तरी करावा.

माझ्या वर्गात आज सतरा जण आहेत. निघून गेलेले पाच जण अजून परत आलेले नाहीत. त्यांत आडनाव न सांगणारा तो तरुणही आहे. त्याला मी महिन्यातून एकदा फोन करतो. तो आदराने बोलतो, "बघतो सर," म्हणतो, आणि येत नाही. एका संध्याकाळच्या निष्काळजीपणाची ही किंमत मी देतो आहे. खरे तर तोच देतो आहे. तुम्ही पहिला वर्ग भरविण्यापूर्वी त्याची आठवण ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.