कात्री जगू देते कुणाला?

इमॅन्युएल शार्पेंतिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० साली नोबेल मिळालं आणि ‘जनुकांची कात्री’ घरोघरी पोचली. क्रिस्परची ही कात्री मुळात जीवाणूंचीच, चालून आलेल्या विषाणूचा डीएनए तोडायची. गंमत अशी, की ती जीवाणूच्याच गुणसूत्रावर चालवली तर तो बहुधा मरतो. आपल्या पेशी तुटलेली टोकं कशीबशी सांधून घेतात; ई. कोलाय या जीवाणूकडे ती सोय नाही.

मग त्याच्या जनुकात फेरफार करायचा कसा? दात्सेन्को आणि वॉनर यांनी २००० साली दिलेली रीत आजही चालते. लॅम्डा नावाच्या विषाणूची तीन प्रथिनं जीवाणूत तयार करवायची आणि दोन्ही टोकांना जीवाणूच्या डीएनएशी चाळीसेक अक्षरं जुळणारा डीएनएचा तुकडा विजेच्या झटक्यानं आत घालायचा. त्याआधी जीवाणू बर्फगार पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचे. मीठ राहिलं, की झटका देताना फट्‌कन ठिणगी उडते आणि सकाळपासूनची मेहनत वाया!

एवढं करूनही बदललेल्या पेशी अगदी थोड्या. त्या सापडाव्यात म्हणून तुकड्यात प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक जोडतात. औषध घातलेल्या थाळीत तेवढेच जीवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी याच वाटेनं ई. कोलायची ३,९८५ जनुकं एकेक करून काढून दाखवली. पण ते जोडलेलं जनुक मागाहून काढलं तरी वण राहतोच. एकच अक्षर बदलायचं असेल तर हा खटाटोप परवडत नाही.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मराफिनी यांच्या गटानं कात्रीचा मारकपणाच कामाला लावला. तिला मूळ अक्षरं ओळखायला शिकवलं. ज्या जीवाणूंत बदल झाला ते तिच्या तावडीतून सुटले, बाकीचे मेले. लॅम्डाच्या जोडीनं हे केल्यावर ई. कोलायच्या वाचलेल्या पेशींपैकी ६५ टक्के हव्या तशा निघाल्या. फुकट वाचणारेही असतातच, कात्रीच बिघडलेले! २०१६ पासून डीएनएचे दोन्ही धागे न तोडता अक्षर बदलणारी साधनंही आली, पण ती ठरावीक अक्षरांपुरती.

कौतुक कात्रीचं होतं. माझ्या मते घोडं अडतं ते त्याआधीच. ई. कोलाय प्रयोगशाळेत रुळलेला. मातीतला एखादा अनोळखी जीवाणू घेतला, तर परका डीएनए आत येताच तो त्याचे तुकडे करतो. त्याच्या या पहाऱ्यातून तुकडा शाबूत आत नेता आला, तरच पुढच्या साऱ्या युक्त्या उपयोगाच्या.