पाटी आणि कीर्द

परभणी जिल्ह्यांतील मानवत किंवा सेलू येथील बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागली, म्हणजे काट्यावरील कारकुनाला श्वास घेण्यास सवड नसते. जुना मुनीम वजनें आधीं पाटीवर लिही आणि सायंकाळीं कीर्दींत उतरवी. पाटीवर हात भरभर चाले. पण ओला हात फिरला कीं सारें पुसलें जाई! आज बोलावयाचें आहे तें अशाच, परंतु संगणकांतल्या पाटीविषयीं.

माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. एका तक्त्यांत शेतकरी, दुसऱ्यांत वजनें, आणि दोहोंना जोडणारा एक क्रमांक. हे तक्ते सामान्यतः डिस्कवर असतात. फिरत्या डिस्कवर हव्या त्या जागीं पोंचण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. मेमरींत त्याचाही लक्षांश पुरतो. म्हणून कांहीं तक्ते मेमरींतच ठेवण्याची सोय निघाली. मायएस्क्यूएल या प्रणालींत अशा तक्त्यांच्या प्रकाराचें नांवच ‘मेमरी’ आहे. ती प्रणाली बंद पडून पुन्हां सुरू झाली, तर तक्त्याचे रकाने शाबूत असतात. ओळ मात्र एकही उरत नाहीं.

एका खरेदी केंद्रावर मीं हें प्रत्यक्ष पाहिलें. वेग हवा म्हणून दिवसभराचीं वजनें अशाच तक्त्यांत भरलीं होतीं. दुपारीं वीज गेली, थोड्या वेळानें बॅटरीही संपली. काट्याच्या पावत्या होत्या म्हणून बहुतेकांचें निभावलें. एका वृद्धाची पावती मात्र सांपडेना, आणि त्याचा कापूस तर ढिगांत मिसळून गेलेला. “साहेब, पाटी पुसली म्हंजी कापूसबी पुसला का?” त्यानें विचारलें. अखेर शेजारच्या दोन गाडीवानांच्या साक्षीवर त्याचें वजन धरण्यांत आलें. तें खरें होतें कीं कमी, हें कोण सांगणार?

मेमरींतील तक्ता टाकाऊ आहे असें मात्र मी म्हणत नाहीं. रांगेंतील क्रमांक, तासागणिक होणाऱ्या बेरजा, डिस्कवरून उचललेली भावाची प्रत, हीं सर्व पुन्हां तयार करतां येतात. तीं पाटीवर खुशाल असावींत. वजन आणि पैसा यांची जागा कीर्दींत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरनें २०१४ सालीं दोन्ही प्रकार दिले: एकांत केवळ रकाने टिकतात, दुसऱ्यांत प्रत्येक नोंद डिस्कवरही उतरते. निवड करणाऱ्यानें हा भेद आधीं विचारला पाहिजे.

मी स्वतः आतां हंगामाच्या आरंभीं, पहिली गाडी येण्यापूर्वीं, चार खोटीं वजनें भरतों आणि यंत्राची वीज मुद्दाम तोडून पाहतों.