सरकारी निर्णय आणि न्यायालयाची पायरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी वकील नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तथापि गावातील माणूस शिक्षकाकडे केवळ मुलाच्या दाखल्यासाठी येत नाही. सरकारी कचेरीतून आलेला लिफाफा वाचून घेण्यासाठीही येतो. असे पुष्कळ लिफाफे वाचता वाचता मला या विषयाची गोडी लागली आणि मिळतील ते निकाल मी वाचीत गेलो. त्या वाचनाचे सार आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी एक म्हण आपणांस दिली आहे : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बांधाच्या वादात दोन भाऊ वर्षानुवर्षे भांडले आणि अखेर बांधासकट शेतही गेले, असे पाहिलेल्या पिढीचा हा अनुभव आहे, आणि भाऊबंदकीपुरता तो आजही खरा आहे. परंतु प्रतिपक्षी भाऊ नसून सरकार, नगरपालिका किंवा एखादी सरकारी समिती असेल, तेव्हा ही म्हण जशीच्या तशी लागू करणे हिताचे नाही. भावाशी समेट होतो, पंच बसविता येतात, एका पंगतीत बसून राग विसरता येतो. कचेरीच्या हुकुमाशी समेट कोण करणार? तो हुकूम चुकीचा असला तरी रद्द होईपर्यंत त्याचा अंमल चालूच राहतो, आणि तेवढ्या काळात मुलाची जागा, कोणाचे घर, कोणाची नोकरी हातची जाते. म्हणून पायरी केव्हा चढावी, केव्हा चढू नये, आणि चढण्यापूर्वी हाती काय असावे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सरकारच्या निर्णयाची न्यायालयाने तपासणी करणे यास न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाने हा अधिकार प्रत्येक उच्च न्यायालयास दिला आहे. मूलभूत हक्कांसाठी ३२ व्या अनुच्छेदाने थेट सर्वोच्च न्यायालयातही जाता येते. या अनुच्छेदास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत घटनेचा आत्मा मानले होते. १९५० पूर्वी काय स्थिती होती, हे आजच्या तरुणांस ठाऊक नसते. अटकेच्या बाबी सोडल्यास, असे प्राधिलेख, म्हणजे ज्यांस आपण ‘रिट’ म्हणतो ते, काढण्याचा अधिकार कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीनच उच्च न्यायालयांस होता, आणि तोही सामान्यतः त्या त्या शहराच्या हद्दीपुरता. साताऱ्याच्या किंवा जळगावच्या शेतकऱ्यास ते दार बंदच होते. घटनेने ते सर्वांस उघडले. आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथे आपल्या उच्च न्यायालयाचे काम चालते, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच बसू लागले आहे.

या प्राधिलेखांची नावे अवघड आहेत. अर्थ सोपा आहे. अटकेतील मनुष्यास आमच्यापुढे हजर करा. जे काम करणे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे ते करा. तुमच्या अधिकाराबाहेरचे काम थांबवा. तुमचा बेकायदा निर्णय आम्ही रद्द करतो. हे सार्वजनिक पद तुम्ही कोणत्या अधिकाराने भूषविता ते सांगा. या पाच आज्ञांत सारे काही आले.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, उच्च न्यायालय म्हणजे मोठ्या साहेबाच्या वरचा साहेब. खालच्याने नाही म्हटले तर वरचा होय म्हणेल. ही समजूत चुकीची असून तिच्यापायी अनेकांचा पैसा व उमेद दोन्ही वाया जातात. शाळेतील उदाहरण देतो. परीक्षेच्या निकालाविरुद्ध दोन प्रकारचे अर्ज असतात. एक गुणपडताळणीचा : सर्व उत्तरे तपासली गेली काय, बेरीज बरोबर आहे काय. दुसरा पुनर्मूल्यांकनाचा : निबंधास सात नव्हे, नऊ गुण हवे होते. उच्च न्यायालय रिटच्या कामात बहुतांशी पहिल्या प्रकारचे काम करते, दुसऱ्या प्रकारचे नव्हे. निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे ते पाहत नाही. निर्णय कायदेशीर रीतीने घेतला की नाही हे पाहते. १९९४ साली टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की अशा कामी न्यायालय अपिलाच्या आसनावर बसत नाही.

मग न्यायालय विचारते ते प्रश्न कोणते? ढोबळ मानाने तीन.

पहिला प्रश्न : ज्याने निर्णय घ्यावयाचा त्यानेच तो घेतला काय? मुंबईजवळ अंधेरी येथे गोरधनदास भानजी यांस सिनेमागृह बांधण्याची परवानगी पोलीस कमिशनरांनी १९४७ साली दिली आणि काही आठवड्यांतच, सरकारच्या आदेशावरून ती रद्द करीत असल्याचे कळविले. नियमानुसार हा अधिकार कमिशनरांचा होता, सरकारचा नव्हे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कमिशनरांनी स्वतःची बुद्धी वापरलीच नाही, त्यांनी केवळ निरोप पोचविला; म्हणून ते रद्द करणे हे रद्द करणेच नव्हे. त्याच निकालातील दुसरे तत्त्व आपणांस अधिक उपयोगाचे आहे : हुकुमाचा अर्थ त्याच्या शब्दांवरूनच लावावयाचा, मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालत नाही. १९७७ साली मोहिंदरसिंग गिल खटल्यात या तत्त्वास पुन्हा बळकटी मिळाली. तथापि शेवटी न्यायालयाने काय दिले, तेही लक्षात घ्या. सिनेमागृह दिले नाही. कमिशनरांनी आता स्वतः विचार करून निर्णय घ्यावा, एवढाच आदेश दिला.

दुसरा प्रश्न : निर्णय न्याय्य रीतीने घेतला काय? ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि कोणी स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, ही यातील दोन मुख्य तत्त्वे. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेसाठी निवड चालली असता निवडमंडळाचा एक सभासद स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो उठून गेला, परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी बसून राहिला, आणि यादीत त्याचे नाव पहिले आले! १९६९ साली क्रैपाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली.

तिसरा प्रश्न : निर्णय इतका अतर्क्य आहे काय, की कोणीही विचारी मनुष्य तो घेणार नाही? हे तत्त्व इंग्लंडातून आले. वेन्सबरी गावच्या नगरपालिकेने रविवारच्या सिनेमास पंधरा वर्षांखालील मुलांस बंदी केली. सिनेमा कंपनी न्यायालयात गेली आणि १९४७ साली हरली. मात्र त्या निकालात, केवळ केस तांबडे म्हणून एखाद्या शिक्षिकेस कामावरून काढले तर काय, हे उदाहरण आले आहे. शिक्षकाच्या पेशामुळे मला ते विशेष आवडते. असा निर्णय टिकत नाही; परंतु नुसता न पटणारा निर्णय टिकतो. या कसोटीवर यश क्वचितच मिळते.

न्यायालयाच्या हाताची पोच किती, याचे मुंबईतील उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९८१ साली पावसाळ्यात पदपथांवरील झोपड्या हटवून तेथील लोकांस गावी धाडण्याची घोषणा राज्य सरकारने केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे. देशभर पुढे असंख्य गरिबांस या वाक्याचा आधार मिळाला. परंतु पदपथ अडविण्याचा हक्क कोणास नाही, हेही न्यायालयाने सांगितले. केवळ पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या हटवू नयेत आणि १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांस पर्यायी जागा द्यावी, असे ठरविले. तत्त्व जिंकले, पदपथ मात्र सुटला.

आता आपल्या घरोघरीच्या प्रश्नाकडे वळतो. राखीव जागेवर प्रवेश वा नोकरी मिळविणाऱ्या मुलामुलींस जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते. या कामाची पद्धती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आखून दिली आणि महाराष्ट्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. या कायद्यात जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, आणि समितीच्या निर्णयाविरुद्ध २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाखेरीज कोठेही जाता येत नाही. म्हणजे येथे कोर्टाची पायरी ही एकच पायरी आहे. तेव्हा आपली बाजू समितीपुढेच भक्कम मांडली पाहिजे. तेथे न दाखविलेला कागद पुढे उच्च न्यायालयात दाखविणे फार कठीण पडते. दक्षता पथकाचा अहवाल प्रतिकूल असेल तर त्याची प्रत व कारणे दाखवा नोटीस मिळण्याचा अर्जदारास हक्क आहे. त्या नोटिसीस मुदतीत व लेखी उत्तर द्यावे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलीच्या प्रकरणातील आदेश माझ्याकडे आणला. कारणांच्या जागी एकच ओळ : पुरावा समाधानकारक नाही. आजोबांच्या शाळेचा जुना उतारा जोडलेला असूनही त्याचा उल्लेखदेखील नव्हता. आम्ही संपूर्ण फाइलीच्या नकला मिळविल्या, ते वकिलाकडे गेले, आणि उच्च न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. पुढे दावा मान्य झाला; परंतु दरम्यान मुलीचे एक वर्ष गेले, आणि ते कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. ज्यांस हा केवळ कागदांचा विषय वाटतो, त्यांनी त्या वर्षाचा विचार करावा.

बंधु-भगिनींनो, यावरून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. सरकारी कचेरीस जे द्यावयाचे ते लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. आदेशाची प्रत व कारणे मागावीत. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा, त्यास साधारणतः तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. कायद्याने वरिष्ठांकडे अपील दिले असेल तर आधी ते करावे, कारण ते न करता आलेल्यास उच्च न्यायालय सामान्यतः परत पाठविते. राज्य सरकारी नोकरांनी नोकरीच्या तक्रारीसाठी प्रथम प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावयाचे असते. रिटसाठी ठराविक मुदत नाही, म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. कारणावाचून उशीर करणाऱ्यास न्यायालय दारातूनच परतविते. पैशाअभावी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयात याची कचेरी असते.

आणि हे सारे सत्यावर उभे असावे. खोटा दाखला टिकला तरी पुढच्या पिढीपर्यंत तो टांगती तलवार होतो. दाखला अवैध ठरल्यास त्यावर मिळविलेले लाभही जातात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निक्षून सांगितले आहे. आपला दावा खरा असेल तरच पायरी चढावी. मग मात्र भिऊ नये.

शेवटी मंडळास एक विनंती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात असा निर्णय दिला, की जमातीच्या चालीरीतींविषयीची प्रश्नोत्तरे ही दावा ठरविण्याची एकमेव कसोटी नव्हे. त्या प्रकरणात पुढाकार घेणारी एक ज्ञातिसंस्थाच होती, आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती. जे एकट्या कुटुंबास झेपत नाही ते संस्थेस झेपते. आपल्या मंडळानेही एक कपाट या कामास द्यावे. त्यात प्रत्येक घराण्याची वंशावळ, शाळेच्या जनरल रजिस्टरातील उतारे, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि मोडी कागदांची देवनागरी लिप्यंतरे जमवावीत. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विचारला जातो. तो जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि गावोगावची रजिस्टरे जीर्ण होत आहेत. हे काम पुढील संमेलनावर टाकू नये. मोडी वाचण्याच्या कामी माझे डोळे चालतील तोवर मी सेवेस हजर आहे.